कशेडीवरचा ढग

अकरा वर्षं मी एका इंजिनाचं हेलिकॉप्टर चालवलं. त्या काळात एक सवय लागली होती. हात यंत्रावर आणि नजर खाली, इंजिन बंद पडलंच तर कोणत्या शेतात उतरायचं हे शोधत. ऐंशी सालानंतर आमच्या कंपनीत दोन इंजिनांचं नवं हेलिकॉप्टर आलं. समोर प्रत्येक तबकडी दुहेरी, आवाज कमी, आणि थरथर इतकी थोडी की पहिल्या दिवशी काहीतरी बंद आहे असं वाटत राहिलं. शिकवणाऱ्या कॅप्टननी समुद्रावर एक इंजिन मुद्दाम मंद केलं. मी दचकलो, हेलिकॉप्टर मात्र किंचित खाली बसून पुढे चालत राहिलं. आता तरी खाली बघायचं सोडा, असं ते म्हणाले. मला ते जमलं नाही.

पुढच्याच पावसाळ्यात कशेडी घाटात दरड कोसळली आणि रस्ता बंद झाला. डोंगर वरून पाहायला एका इंजिनिअरसाहेबांना न्यायचं होतं. माझं गाव त्याच भागातल्या नाते गावाजवळचं, म्हणून काम माझ्याकडे आलं. पोलादपूरला शाळेच्या मैदानात उतरून साहेबांना घेतलं आणि निघालो. घाटाच्या तोंडाशी रस्ता दिसत होता, त्याच्यावर सगळं पांढरं. मी वळवलं.

तासाभराने परत गेलो. या वेळी थोडा आत शिरलो, तेवढ्यात काचेसमोरून डोंगराची कड नाहीशी झाली. पुन्हा वळवलं. साहेब आता चिडले होते. दरडीच्या पायथ्याशी चाळीसेक मजूर माती उपसत होते आणि वरचा डोंगर कसा आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. त्यांची घाई खोटी नव्हती.

"दोन इंजिनं आहेत ना याला?" त्यांनी विचारलं.

"आहेत," मी म्हटलं. "पण ढगात डोंगर मला दिसणार नाही. दिसेपर्यंत मी आत जाणार नाही, आणि दिसल्याशिवाय आज घरीही जाणार नाही."

मैदानात परत उतरलो. साहेब शाळेच्या पडवीत जाऊन बसले. हेलिकॉप्टर बघायला माणसं जमली होती, त्यांत घाटाखालच्या वाडीवरचे एक म्हातारे शेतकरी होते. डोक्यावर पानांचं इरलं, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे. मी त्यांना विचारलं, बाबा, हा ढग उठतो कधी? माझी बोली ऐकून त्यांनी आधी माझं गाव विचारलं, वडील काय करायचे ते विचारलं. शाळामास्तर होते म्हटल्यावर जवळ आले आणि डोंगराच्या धारेकडे बोट केलं.

"ती सावर दिसते का? आता निस्ता बुंधा हाय. शेंडा दिसला का निघा. तवर नाय. मंग घटकाभर मोकळं असतंय."

मी सावरीकडे बघत उभा राहिलो. भाकरी आली ती उभ्यानेच खाल्ली. साहेबांनी दोनदा निरोप पाठवला, मी दोनदा थांबा म्हणून सांगितलं. तीनच्या सुमारास वारा फिरला. आधी फांद्या दिसल्या, मग शेंडा. साहेबांना हाक मारली आणि निघालो.

घाट स्वच्छ नव्हता, पण डोंगर दिसत होता. दरडीच्या वर, झाडीच्या माथ्यावर, मी हेलिकॉप्टर हवेत जागच्या जागी धरून ठेवलं. पावसाची झड बाजूने ढकलत होती. एका इंजिनाच्या यंत्राला तिथे मी एवढा वेळ उभं केलं नसतं. साहेब काचेला नाक लावून बसले होते. मग हळू आवाजात म्हणाले, "थोडं डावीकडे घ्या." झाडांच्या मुळांतून एक लांब भेग गेली होती, बैलगाडी मावेल एवढी रुंद, आणि बरोबर तिच्या खाली मजुरांच्या डोक्यावरच्या पिवळ्या खोळी दिसत होत्या.

परत येताच साहेबांनी जीप पिटाळली आणि दिवस मावळायच्या आत घाट रिकामा करवला. तिसऱ्या दिवशी भेग पडलेला तो कडा खाली आला. दोन फावडी आणि एक घमेलं गेलं, माणूस एकही नाही.

साहेबांनी नंतर मला पत्र लिहिलं. चिडल्याबद्दल त्यात एक ओळ होती, बाकी सगळं भेगेबद्दल. वाडीवरच्या बाबांना भेटायला मी दिवाळीत गेलो. ते मुलाकडे मुंबईला गेले होते. त्यांच्या सूनबाईंनी चहा दिला आणि हेलिकॉप्टरात भीती वाटते का, असं विचारलं. वाटते, म्हटलं, आणि वाटते म्हणून नीट बघतो.