मंगळवारी सकाळी यांचं लॉगिन

आधीच सांगते, म्हणजे नंतर कोणी 'मॅडम, तुम्हीसुद्धा?' असं विचारायला नको. मी कल्याणच्या एका शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. अमावास्येला फ्रीज घरी आणला म्हणून सासूबाई आठवडाभर माझ्याशी बोलल्या नव्हत्या. भुताखेतांशी माझा संबंध एवढाच.

राहते डोंबिवली पूर्वेला, तिसरा मजला, लिफ्ट नाही. ही गोष्ट घडली तेव्हा यांना जाऊन पाच महिने झाले होते. मुलगा समीर घोडबंदर रोडला, सव्विसाव्या मजल्यावर. नकाशात जवळ वाटतं हो... पण ट्रॅफिकमुळे तो महिन्यातून एकदा येतो. कॉम्प्युटर सिक्युरिटीत नोकरी, त्यामुळे आमचा घरचा कॉम्प्युटर तो तिकडे बसूनच सांभाळतो. त्याचं म्हणणं, मी त्यांच्याकडे राहायला यावं आणि ही जागा भाड्याने द्यावी. मला ही जागा सोडायची नाही. त्यावरून आमची दर महिन्याला एकदा वादावादी ठरलेली.

कॉम्प्युटरवर आमची दोन लॉगिन, एक माझं आणि एक यांचं. यांनी त्यांचा पासवर्ड मला कधी सांगितला नाही, मी कधी विचारला नाही. पूर्वी हे वाट्टेल ते डाउनलोड करायचे. दोनदा सगळं बंद पडलं, तेव्हा समीरने यांचे अधिकार काढून घेतले. नवीन काही घालायचं तर ॲडमिनचा पासवर्ड लागणार, आणि तो फक्त समीरकडे. यांना ते फार लागलं. "स्वतःच्या घरात परवानगी मागायची," म्हणून दोन दिवस पेपरमागून बाहेर आले नाहीत.

शेवटच्या वर्षी यांच्या मनात आलं, नातीला, ईशाला, आपल्या गावाबद्दल लिहायचं. संगमेश्वरजवळचं गाव, तिथली नदी, यांची आजी. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायला साफ नकार. माझी आजी त्यात मावणार नाही, म्हणायचे. मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर डाउनलोड करून ठेवलं, पण ते बसवायला पासवर्ड हवा. फोन केला की समीर मीटिंगमध्ये. रविवारी करतो बाबा... असे किती रविवार गेले. मीही त्याला टोकलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. मग हॉस्पिटल आलं आणि तो विषयच संपला.

तर त्या मंगळवारी वाचनालयातून पुस्तक बदलून, भाजी घेऊन मी बाराच्या सुमारास परत आले. कुलूप मीच उघडलं. कॉम्प्युटर सुरू होता — बंद करून गेले होते, पण म्हटलं विसरले असेन. माझं लॉगिन केलं तर खाली कोपऱ्यात छोटंसं 'म'. त्यावर क्लिक केलं आणि मराठी उमटायला लागलं. मला वाटलं, समीरला उशिरा का होईना आठवलं. फोन करून शाबासकी दिली.

तो म्हणाला, मी काहीच केलेलं नाही. मग तिकडूनच त्याने आमच्या कॉम्प्युटरच्या नोंदी उघडल्या आणि 'आलोच' म्हणून फोन ठेवला. चारच्या आत तो माझ्या दारात होता, तेही कामाच्या दिवशी.

त्याने समजावलं ते असं. ऑपरेटिंग सिस्टिममध्ये फायरवॉल नावाची सर्व्हिस असते, बाहेरच्यांना अडवणारी, सोसायटीच्या वॉचमनसारखी. त्या फायरवॉलमध्येच एक दोष नुकताच सापडला होता. काही अधिकार नसलेला साधा वापरकर्ता तिच्या आडून ॲडमिनचे सगळे अधिकार मिळवू शकत होता. दुरुस्तीचं अपडेट आलेलं, आमच्याकडे टाकायचं राहिलेलं. आणि त्या सकाळी अकरानंतर कोणीतरी नेमकं तेच करून ते सॉफ्टवेअर बसवलं होतं. यांच्या लॉगिनमधून. बाहेरून कोणी जोडलं गेल्याची एकही नोंद नव्हती.

"आई, हे लांबून नाही झालेलं," समीर म्हणाला. "कोणीतरी कीबोर्डवर बसलेलं. म्हणजे... इथे. घरात."

किल्ली माझ्याशिवाय कोणाकडे नाही. जिन्यातल्या कॅमेऱ्यात मी उतरताना दिसते, मी चढताना दिसते, मधल्या वेळात आमच्या मजल्यावर कोणी आलेलं नाही. मग त्याने हळूच विचारलं, तूच केलंस आणि आता आठवत नाही, असं तर नाही ना? मी म्हटलं, फायरवॉल फोडण्याइतकी अक्कल असती तर मी आठवी 'ब'ला प्रकाशाचं परावर्तन शिकवत बसले असते का? तो हसला नाही.

त्याने यांचं फोल्डर उघडलं. एकच नवीन फाइल, मराठीत. 'चि. ईशास अनेक आशीर्वाद. आमच्या घराच्या मागे' — इतकंच. शेवटच्या बदलाची वेळ अकरा अठ्ठावन्न. मी जिना चढत होते तेव्हाची.

समीरने ती ओळ पुन्हा वाचली. "बाबांनी माझ्याकडे एवढंच मागितलेलं," म्हणाला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मला भीती मुळीच वाटत नव्हती. खरं सांगायचं तर पाच महिन्यांत पहिल्यांदाच बरं वाटत होतं.

पण तो शेवटी त्याच धंद्यातला. डोळे पुसून म्हणाला, कोण आत येतं हे कळत नसताना मी तुला इथे ठेवणार नाही. एक तर आत्ताच अपडेट टाकून ही वाट बंद करतो, नाहीतर बॅग भर. "बोल, करू?"

थांब, पत्र तरी पुरं होऊ दे, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण तसं म्हटलं असतं तर त्याने मला त्याच पावली घोडबंदरला नेलं असतं, आणि तिथून डॉक्टरकडे. मी म्हटलं, "कर."

दहा मिनिटांत झालं. कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला.

महिन्याभराने समीरने आपणहून यांच्या लॉगिनला सगळे अधिकार देऊन टाकले. पण त्यानंतर यांचं लॉगिन एकदाही उघडलेलं नाही. पत्र 'मागे' या शब्दाशी थांबलंय. घराच्या मागे काय होतं हे मला माहीत नाही. आमच्या लग्नाआधीच ते घर पडलं होतं.

हा मजकूर मी त्याच सॉफ्टवेअरवर टाइप करतेय. ते कोणी बसवलं, याचं उत्तर माझ्या विज्ञानाकडे नाही आणि समीरच्या नोंदींतही नाही. तो हल्ली रोज फोन करतो. विचारतो, सगळं ठीक ना, घरात कोणी नाही ना? नाही रे, कोणी नाही, मी सांगते. आणि फोन ठेवल्यावर मला रडू येतं.