पोह्यांऐवजी फ्रेंच टोस्ट

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही मला फळं भरलेला फ्रेंच टोस्ट म्हणजे काय ते अगदी सावकाश समजावून सांगितलंत. मी ऐकून घेतलं. पण तुमचे वडील जन्मण्याआधी हाच टोस्ट करून अंधेरीच्या आपल्या घरात जिनं सगळ्यांचा जीव टांगणीला लावला, ती बाई तुम्हाला नीट माहीतच नाही, हे लक्षात आलं आणि लिहायला बसले.

माझी धाकटी नणंद, म्हणजे तुमची आत्याआजी, हिच्याइतकं अस्वस्थ माणूस मुंबईच्या उपनगरांत दुसरं झालं नाही. ती उभ्यानं जेवायची, चालता चालता वेणी घालायची, आणि चहा उकळेपर्यंत करायचं काय म्हणून कपाट हलवायची. प्रत्येक वस्तू जागेवर लागणाऱ्या माझ्यासारखीची त्यात काय दशा होत असेल, विचार करा. एकदा तुमचे आजोबा कामावरून आले आणि सवयीनं खुर्चीत बसले. खुर्ची सकाळीच गॅलरीत गेली होती, त्यामुळे ते फरशीवर बसले. "दादा, बघून तरी बसायचंस ना रे!" वर हिचंच बोलणं.

मरोळच्या एका कारखान्यात ती टायपिस्ट होती. तिथल्या मैत्रिणीच्या डब्यातला फ्रेंच टोस्ट तिनं चाखला आणि आमच्या नाश्त्याची वाट लागली. घरात अंडं चालत नसे, म्हणून ही दुधात कस्टर्ड पावडर कालवायची, दोन स्लाइसमध्ये फळ भरायची, त्या मिश्रणात बुडवायची आणि तुपावर भाजायची. केळं झालं, चिकू झाला. फणसाचे गरे भरले तेव्हा ब्रेड मिटेना, तर तिनं तो सरळ सुईदोऱ्यानं शिवला. सासरे बराच वेळ चावत होते. मग दातांतून दोरा ओढत म्हणाले, "बाळ, हे खायचं की उसवायचं?"

या अस्वस्थपणापायी तिचं लग्न मात्र अडलं होतं. मुलगी पाहायला येतात तेव्हा तिनं पोहे द्यायचे आणि खाली मान घालून बसायचं, अशी रीत. एका मुलाच्या काकांनी "स्वयंपाक येतो का?" असं विचारलं, तेव्हा ही स्टुलावर चढून भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देत होती. नकारामागून नकार आले. चेंबूरचं स्थळ आलं तेव्हा सासूबाई तिला म्हणाल्या, "हे गेलं तर मी पुन्हा कोणाचे उंबरे झिजवणार नाही. पोहे कर, दे आणि बस. बस म्हणजे बस!"

रविवारी सकाळी पाहुणे येऊन बसले. मी स्वयंपाकघरात पाहते तर पोहे डब्यातच, आणि तव्यावर टोस्ट.

"अगं, वेड लागलं का तुला?"

"वहिनी, पोहे खाऊन मला पसंत केलं, तर जन्मभर पोह्यांसारखंच भिजून गप्प पडावं लागेल. मी अशी आहे, हे आजच कळू दे ना त्यांना." मग एकदम हळू आवाजात म्हणाली, "पण तेही नाही म्हणाले तर?" आणि भाजून झालेला टोस्ट तिनं पुन्हा उलटला. इतकी घाबरलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

बशा बाहेर गेल्या. मुलाच्या आईनं तो पिवळा रंग पाहिला आणि हात मागे घेतला.

"यात अंडं आहे का?"

"नाही. पण पुढच्या वेळी घालणार आहे."

सासूबाईंनी डोळे मिटले. सासऱ्यांना ठसका लागला. खाली मान घालून बसला होता तो मुलगा! आल्यापासून एक शब्द बोलला नव्हता. तोंडातला घास नीट संपवून त्यानं विचारलं, "पुढच्या वेळी म्हणजे... कधी येऊ?"

"अरे!" त्याची आई म्हणाली. पण तोवर त्यानं दुसरा टोस्ट उचलला होता. आणि आमची नणंद, कोणी न सांगता, खाली बसली.

लग्न झालं, पण अंडं काही कधी घातलं गेलं नाही. तिच्या सासूबाई शेवटपर्यंत तिच्याजवळच राहिल्या, आणि पुढे त्यांनाच चिकूच्या टोस्टची चटक लागली. आता त्या नाहीत, आणि तो शांत माणूसही नाही. ती आहे, चेंबूरच्या त्याच घरात, एकटी. तिला फोन करा. पुष्कळ वेळ वाजेल, कारण ती आत काही ना काही हलवत असते. हल्ली तो पूर्वीपेक्षा जास्त वेळ वाजतो. ठेवू नका. ती उचलते.