अक्काची नकल, मुंबईची डॉक्युमेंटरी

परवा लेकीने मला एक यादी दिली. कुठले बेधडक विनोदवीर बघायचे, कुठल्या डॉक्युमेंटरी चुकवायच्या नाहीत, सगळं नंबर घालून. आईचं शिक्षण राहून गेलंय असं तिला वाटतं. तिला काय सांगायचं? मी हे दोन्ही सत्तरच्या दशकात, सोलापुरात, एकाच तिकिटात बघितलंय. तेही फुकटच्या तिकिटात.

मी तेव्हा मॅट्रिकला गटांगळी खाऊन बिडीच्या कारखान्यात बसत होते. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, तंबाखूचा नाकात चढणारा खाट आणि मांडीवर सूप घेऊन बसलेल्या चाळीस बाया. निम्म्याहून जास्त तेलुगू बोलणाऱ्या विणकर घरांतल्या. माझ्या शेजारची त्यांतलीच. तिला सगळ्या अक्का म्हणायच्या. नवरा खोकत घरी पडलेला, तीन पोरं, आणि सगळ्यांची भाकरी हिच्या दहा बोटांवर.

आमचं नशीब चेकरच्या हातात. वळलेल्या बिड्या तो तपासायचा आणि नापसंत पडल्या की ‘छाट’ म्हणून बाजूला टाकायचा. छाट बिडीला मजुरी नाही. ती मोडून टाकायची असा नियम होता. चेकर नियमाचा पक्का, फक्त बिडी मोडताना त्याला कुणी बघितलेलं नव्हतं. छाट बिड्या त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात जायच्या आणि संध्याकाळपर्यंत त्या खिशाला सातवा महिना लागायचा.

दुपारी तो जेवायला गेला की अक्काचा खेळ सुरू, त्याची नकल. बिड्यांची जुडी, म्हणजे कट्टा, हुंगायचा, कानाशी धरून ऐकायचा, डोळे मिटून मान हलवायची. “छाट!” मग डावीकडे बघायचं, उजवीकडे बघायचं आणि बिड्या झटकन चोळीत. आम्ही तोंडात पदर कोंबून हसायचो. सगळ्यात जास्त मी; पान कापताना बिडी बांधायचा दोरा दातांत धरायची माझी सवय, तो गळून पडायचा. “अजून एकदा कर की अक्का,” ही फर्माईशही माझीच असायची.

एक दिवस मुंबईहून डॉक्युमेंटरीवाले आले. साहेबाला खादीचा झब्बा, खांद्याला शबनम पिशवी, चेहरा आमच्यापेक्षा दुःखी. आमचे हाल बघायला माणूस एवढ्या लांबून आला आणि आम्ही त्याला खिदळताना सापडलो. केवढा अपमान त्याचा!

“बायांनो, हसू नका,” तो म्हणाला. “चेहऱ्यावर जरा दुःख आणा.”

“दुःख घरीच ऱ्हायलं की ओ साहेब,” अक्का म्हणाली. “आदी सांगितलं असतं तर डब्यात घालून आणलं असतं.”

मग साहेब आणि चेकर मालकांकडे चहाला गेले. कॅमेरावाला मागे राहिला. अक्काने त्याला विचारलं, “ह्यात आवाज बी येतो काय?”

“नाही. आवाज नंतर मुंबईत भरणार.”

झालं. आवाज नाही म्हणजे पुरावा नाही, असं तिला वाटलं. खोटं कशाला सांगू, आम्हालाही तसंच वाटलं. अख्खी नकल हातांत आणि डोळ्यांत आहे, हे चाळीसातल्या एकीच्याही डोक्यात आलं नाही. “कर की अक्का,” मीच म्हणाले. तिने केली, आणि कॅमेरा घरघरत राहिला.

चार-पाच महिन्यांनी ती डॉक्युमेंटरी थेटरात लागली. तेव्हा मुख्य सिनेमाच्या आधी अशा डॉक्युमेंटरी दाखवायचे आणि तेवढ्या वेळात सोलापूरकर बाहेर उभं राहून बिडी ओढायचे. त्यामुळे बिडीवरची डॉक्युमेंटरी बिडी ओढणाऱ्या एकानेही बघितली नाही. बघितली आम्ही, कारण मालकांनी हौसेने सगळ्यांना नेलं होतं. चेकर डोक्याला तेल चोपडून पुढे बसला होता. अक्का यायला तयार नव्हती, पण न येणंच जास्त उठून दिसलं असतं. अंधार होताच तिने माझा हात धरला.

पडद्यावर आधी मी आले. शूटिंगच्या दिवशी माझी दाढ दुखत होती. खर्जातला आवाज म्हणाला, या डोळ्यांत पिढ्यान्‌पिढ्यांचं दैन्य आहे. मग अक्का आली. हुंगणं, कानाशी धरणं, डोळे मिटणं. ही निरक्षर श्रमिक स्त्री आपल्या मालाची किती कसोशीने पारख करते, आवाज म्हणाला. मग डावीकडे, उजवीकडे आणि चोळीत. आणि आपली निर्मिती कशी हृदयाशी जपते!

आम्ही चाळीसजणी फुटलो. आम्ही हसतोय म्हणून चेकरही हसला. त्याने स्वतःला ओळखलंच नव्हतं. अक्काने माझा हात सोडला आणि सुटकेचा श्वास टाकला.

हसले नाहीत ते मालक. त्यांना एवढंच दिसलं होतं की आपल्या बिड्या एका बाईच्या चोळीत जाताहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अक्काला सगळ्यांसमोर उभं केलं. “कधीपासून चोरतीस?”

“मला वहीम होताच, मालक,” चेकर म्हणाला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या मी प्रत्यक्ष ऐकल्या.

“चोरी न्हाय मालक. नकल हाय ती.”

“कुणाची?”

अक्काने एकदा आमच्याकडे बघितलं. मग कट्टा उचलला आणि नकल केली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, या वेळी आवाजासकट. तोच घोगरा “छाट!”, तीच मिटलेली पापणी. शेवटी चोळी नाही, कोटाचा आतला खिसा दाखवला, वर त्याला थोपटलंही. मालकांना हसू आवरेना. चेकर पांढराफटक. डोळे पुसून मालक आमच्याकडे वळले.

“खरंय का गं हे? एकीने जरी हो म्हटलं तर ह्याला आत्ता घालवतो.”

एकच पुरेशी होती. पण मालकांचा शब्द फिरला असता तर संध्याकाळी आमच्या बिड्या तोच चेकर तपासणार होता. माझ्याही घरी चूल होती. हे कारण मी स्वतःला हजार वेळा सांगितलंय आणि अजून पटलेलं नाही. मला लाज वाटते. मी मान खाली घालून सुपातलं पान कापत राहिले.

मालकांनी थोडी वाट बघितली आणि अक्काला जायला सांगितलं.

ती दारापर्यंत गेली आणि वळली. तिने खांदे आवळले, मान खाली घातली, दातांत दोरा धरल्यासारखं केलं आणि नसलेल्या सुपातलं नसलेलं पान कापू लागली. मध्येच एक चोरटी नजर चेकरकडे. मग ती गेली.

नेहमीसारखीच हुबेहूब उतरली होती. दोरा माझ्याच दातांत होता.