दोघांच्या वजनाची गाडी

मसोलीत माझं गॅरेज आहे. काम एकच, सस्पेन्शनचं. गाडी बघून मी माणूस ओळखतो, असं आजवर छातीठोकपणे सांगत आलो. जीवनभाऊंच्या बाबतीत मात्र साफ तोंडघशी पडलो.

जीवनभाऊ वरोरचे. घरचे सगळे मच्छीमार, पण ह्यांना लहानपणापासून होडी लागायची. म्हणून हे शिकले आणि तलासरीच्या एका कंपनीत स्टोअरकीपर झाले. वय पन्नाशीच्या पुढे. गाडी मात्र लाल, छोटी, टर्बो इंजिनाची. जरा पाय ठेवला की सुसाट. असल्या गाड्या घेऊन पोरं माझ्याकडे येतात आणि जमिनीला टेकेल इतकी खाली करून मागतात. त्यांना मी हाकलून देतो. जीवनभाऊंचं मागणं वेगळं होतं.

"चिमण, मला शर्यत नाय लावायची. रोज जाऊन-येऊन नव्वद किलोमीटर होतात. वळणावर बसलेलं माणूस कलंडतं, तेवढं बंद कर."

शहाणा माणूस, मी मनात म्हटलं. नवे शॉकअप आणि कडक स्प्रिंगा मागवल्या. ह्या प्रकारात रिंग फिरवून प्रत्येक चाकाची उंची वेगळी लावता येते, आणि तिथे माझी एक रीत आहे. गाडीत रोज जेवढी माणसं बसतात, तेवढं वजन वाळूच्या पिशव्यांनी सीटवर ठेवायचं आणि मगच गाडी समतोल करायची. लोक हसतात. हसू देत.

"रोज कोण कोण बसतं?" मी विचारलं.

"मी आणि मंडळी."

"वहिनींचं वजन?"

"चोपन्न," ते पटकन म्हणाले.

बायकोचं वजन असं जिभेवर असलेला नवरा मी पहिल्यांदाच बघितला. चांगली खेचली त्यांची. ते नुसते हसले. डाव्या सीटवर चोपन्न किलो वाळू ठेवून मी काम पुरं केलं, आणि झकास केलं.

पुढच्या शनिवारी स्वारी परत हजर. "उजवीकडे ओढते रे."

मी शेजारी बसलो, त्यांनी चालवली. घोलवडपर्यंत गेलो. गाडी सुतासारखी सरळ, वळणावर जराही झुकत नव्हती. कुठे ओढते, विचारलं तर ओशाळून म्हणाले, "आता नाय ओढत."

त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. तिसऱ्याही. येताना पिशवीत सुकट आणायचे, रस्ताभर बोलत राहायचे. कुठली चिकूची वाडी कुणाला विकली, कंपनीतला नवा साहेब कसा येडा आहे. प्रत्येक स्पीडब्रेकरवर गाडी हळू करून मला विचारायचे, "बसला का धक्का?"

"माझी कंबर शाबूत आहे, तुम्ही चालवा," मी खेकसायचो. गॅरेजात गाड्या खोळंबल्यात आणि मी ह्यांच्याबरोबर वाड्या बघत हिंडतोय! माझं डोकं तापायचं.

चौथ्या शनिवारी ते समोरच्या टपरीवर चहा आणायला गेले, तेव्हा मी तणतणत चावी उचलली आणि गाडी एकट्यानेच मोठ्या रस्त्यापर्यंत नेली. स्टिअरिंग उजवीकडे ओढत होतं. उतरून बघितलं, तर उजव्या टायरची एक कड खाल्ली गेली होती. दोघं बसत असते, तर असं झालं नसतं.

परत आलो तेव्हा ते दोन ग्लास धरून दारात उभे होते. आत दोन-तीन गिऱ्हाइकं बसलेली. मी आवाजही खाली आणला नाही.

"मंडळी बसतात का ह्या गाडीत?"

"नाय बसत."

"मग एकट्याची गाडी आहे, तर एकट्याची सांगायची ना! चार शनिवार फुकट घालवलेत माझे!"

ग्लास बाकड्यावर ठेवून त्यांनी हात पँटला पुसला.

"तीन वर्षं झाली तिला जाऊन," ते म्हणाले. "तू विचारलंस आणि तोंडातून तसंच निघालं. मग म्हटलं, राहू दे."

काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "वजन तर अगदी नेमकं सांगितलंत."

"ते चांगली होती तेव्हाचं. शेवटी अडतीस भरली."

त्यांनी एक ग्लास माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "एकट्याची कर. तुझं बरोबर आहे."

मी उजव्या सीटवर पिशव्या ठेवल्या, डावी रिकामी ठेवली आणि रिंगा फिरवल्या. पाऊण तासाचं काम. जीवनभाऊ रस्त्याकडे तोंड करून उभे होते. मला माझीच लाज वाटत होती, आणि माफी मागायची सोडून मी नट आवळत बसलो होतो.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. "चिमण, नाकासमोर जाते बघ गाडी. मस्त काम केलंस."

त्यानंतर ते आले नाहीत. का येतील? गाडीत काही खोटच उरली नव्हती. शनिवारी लाल गाडी दिसली की मी मान वर करून बघायचो. तीन शनिवार त्या डाव्या सीटवर कुणीतरी बसत होतं आणि ते कुणीतरी म्हणजे मी होतो, हे माझ्या टाळक्यात शिरायला महिना लागला.

शेवटी मीच फोन केला. "जीवनभाऊ, महिना झाला. नट एकदा तपासावे लागतात. ह्या शनिवारी या."

"अरे, एकदम टकाटक आहे गाडी," ते मनापासून म्हणाले. "उगाच कशाला तुझा शनिवार फुकट घालवू?"

टोमणा नव्हता तो. टोमणा असता, तर मला बरं वाटलं असतं. नुसतेच या, घोलवडपर्यंत जाऊन येऊ, एवढंच म्हणायचं होतं. मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला.