स्वस्त पेट्रोलचे दिवस

पेट्रोलचा भाव उतरल्याची बातमी मोटारस्टँडवर मीच वाचून दाखवली. बी.ए. झाल्यापासून हे काम आपोआप माझ्याकडे आले होते. सकाळी ड्रायव्हर मंडळी रेडिएटरमध्ये पाणी भरत आणि मी शेजारच्या हॉटेलातले वर्तमानपत्र आणून मोठ्याने वाचत असे. मंदीचे दिवस होते. नोकरीसाठी अर्ज जात होते, उत्तरे येत नव्हती. पण मला त्याची लाज वाटत नव्हती. आमचे वडील सरकारी रस्त्यावर खडी फोडत. त्यांच्या घरातला कॉलेजात गेलेला मी पहिला. हे मी तेव्हा कोणी न विचारताच सांगत असे, आजही सांगतो.

मला शिकवले ते थोरल्या भावाने. आम्ही त्याला दादा म्हणत असू. तो नाशिकहून पेठ गावाला जाणारी उतारूंची सर्व्हिस मोटार चालवी. मोटार शेठची, हात दादाचे.

बातमी ऐकून स्टँडवर आनंद झाला. एका ड्रायव्हरने मला ती दोनदा वाचायला लावली. टांग्याच्या रांगेतले एक म्हातारे चाचा तिकडूनच ओरडले, "झालं! आता तुमच्या मोटारी फुकटात चालणार. आमच्या घोड्याचा हरभरा काही उतरला नाही अजून."

"मग घोड्याला पेट्रोल पाजा, चाचा!"

"पाजतो की. पण मग तो तुमच्यासारखा घाण वास सोडील."

सगळे हसले. दादाही हसला. ड्रायव्हर लोकांना पेट्रोल विकत घ्यायचे नव्हते, मग आनंद कशाचा, असे कोणी विचारील. आनंद काठीचा होता. शेठ रोज संध्याकाळी टाकीत एक काठी बुडवी, ओली खूण उजेडात धरून बघे आणि विचारी, "एवढं कुठं गेलं रे?" वर्षानुवर्षे इमानाने गाडी हाकणाऱ्या माणसाला रोज चोरासारखे उभे राहावे लागे. पेट्रोल स्वस्त झाले म्हणजे ती काठी जाईल, एवढीच त्यांची आशा होती. आणि काठी खरोखरच गेली. आठवडाभर स्टँडवर सणासारखे वाटत होते.

मग उतारूंच्या डोक्यात ती बातमी शिरली.

इथे पेठ लाइनीची एक रीत सांगायला हवी. पेठहून परतताना घाटाची चढण लागे. तिच्या पायथ्याशी गाडी थांबे आणि म्हातारेकोतारे, लेकुरवाळ्या बाया सोडून बाकी सगळे खाली उतरत. रिकामी गाडी वर जाई, माणसे सागाच्या झाडीतून पायवाटेने चढत. भरली गाडी चढवली तर पेट्रोल फार खाते, म्हणून ही रीत शेठनेच पाडलेली. पण तिचा खरा उपयोग दादाला होता. माणसे येईपर्यंत तो माथ्यावर गाडी उभी करून सीटवर आडवा होई. दिवसभरात तेवढीच त्याची पाठ टेके. "एवढा घाट तेवढा माझा," असे तो म्हणे.

आता गाडी पायथ्याशी थांबली की आतून आवाज येऊ लागले. "का उतरायचं? पेट्रोल स्वस्त झालंय ना?" दादा म्हणे, "पेट्रोल स्वस्त झालं, घाट नाय झाला." यावर लोक हसत, पण जागचे हलत नसत. तिकडे त्याच लाइनीवरच्या दुसऱ्या मालकाने तिकीट उतरवले, म्हणून आमच्या शेठनेही उतरवले, आणि ते भरून काढायला दिवसाला एका फेरीच्या दोन केल्या. पेठला जाऊन यायचे, दुपारी जेमतेम भाकरी खायची, पुन्हा पेठला जाऊन यायचे. दिवेलागणीनंतर दादा घरी येई. वहिनी ताट वाढे, आणि तो घास हातात धरून भिंतीला टेकून झोपी जाई.

एका संध्याकाळी परत येताना गाडी रस्ता सोडून शेतात उतरली. बांधाजवळ तो जागा झाला आणि त्याने ब्रेक दाबला. कोणाला काही लागले नाही. बैल आडवा आला असे त्याने उतारूंना सांगितले. घरी आम्हाला खरे सांगितले. वहिनीने माझ्याकडे बघितले.

दुसऱ्या दिवसापासून मी दादाशेजारी बसून जाऊ लागलो. काम एकच, त्याला बोलते ठेवायचे. वाटेत तो म्हणे, "तुझ्या कॉलेजात काय शिकवलं ते सांग. फी मी भरली, मला एक अक्षर कळलं नाय." मग मी रोमच्या राजांच्या गोष्टी सांगे.

"मग हा राजा मेला का?"

"मेला. सख्ख्या जावयानं मारला."

"बरं झालं. पुढचा काढ."

इतिहास चालला, तर्कशास्त्र थोडेफार चालले. कवितेवर आलो की तो म्हणे, "ते नको, लेका. डोळे मिटतात." दिवसभर धूळ खात, इंजिनाच्या घरघरीवर आवाज चढवून मी बोलत असे. घसा बसला. स्टँडवर लोक म्हणू लागले, "बी.ए. झाला आणि मोटारीवर क्लीनर लागला." मला ते झोंबे. क्लीनर होण्यात कमीपणा नाही, पण मी क्लीनर नव्हतो. मी काय होतो, हे सांगता येत नव्हते.

शेवटी कोट घालून मी शेठकडे गेलो. दुसरी फेरी बंद करा, नाहीतर निदान घाटात उतारू उतरवा, असे स्पष्ट सांगितले. शेठने मला खुर्ची दिली. माणूस वाईट नव्हता.

"तुम्ही शिकलेले आहात, म्हणून सांगतो," तो म्हणाला. "मी उतरवले तर लोक पलीकडच्या गाडीत बसतील. पेट्रोल महाग होतं तेव्हा मला सांगायला कारण होतं. आता काय सांगू? ड्रायव्हरला झोप येते म्हणून चालत या?"

"हो. तेच सांगा."

तो हसला. "हे सांगून सर्व्हिस चालत नाही, मास्तर."

त्याच आठवड्यात, दुसऱ्या फेरीला परतताना, गाडी गच्च भरली होती. ऊन कलले होते. दादाचे डोळे लाल झाले होते आणि तो माझ्या बोलण्याला नुसता हुंकार देत होता. घाटाच्या पायथ्याशी त्याने गाडी थांबवली आणि सवयीने म्हणाला, "उतरा, मंडळी." पुढच्या बाकावर लाकडाचा एक व्यापारी होता. तो म्हणाला, "चल रे, चल. रोज काय तेच? पेट्रोल काय तुझ्या घरचं जळतंय?"

दादाने गिअर टाकला. तेव्हा मी उभा राहिलो.

मी म्हणालो, "पेट्रोलचा प्रश्न नाही. हा माझा सख्खा भाऊ आहे. पहाटेपासून तो गाडी हाकतोय. पंधरवड्यापूर्वी याला चालवताना झोप लागली आणि गाडी शेतात गेली. घाटात शेत नाही, खाली दरी आहे. चालत चढलात तर तेवढा वेळ हा वर जाऊन आडवा होईल. बसून राहायचं असेल तर बसा, मी मात्र उतरतो."

मग मागून नाचणीचे गाठोडे घेतलेली एक बाई उठली. "उतरा रं बाबांनो," ती म्हणाली. "माणूसच हाय तो." तिच्यामागून एकेक जण उतरला. व्यापारीही उतरला, चपला आपटत, मला ऐकू जाईल असे पुटपुटत.

आम्ही चढून वर गेलो तर दादा आडवा झालेला नव्हता. स्टिअरिंगच्या चाकावर दोन्ही हात ठेवून समोर बघत बसला होता. मी शेजारी बसलो. गाडी चालू करण्याआधी तो हळूच म्हणाला, "काय सांगितलंस तू त्यांना?"

"खरं तेच."

"डायव्हर झोपतो, हे सांगितलंस. आता माझ्या गाडीत कोण बसंल?"

पुढे घरापर्यंत मी एकही राजा सांगितला नाही, आणि त्याला झोपही आली नाही.

तो म्हणाला तसेच झाले. दोन आठवडी बाजार गेले आणि पेठच्या स्टँडवर लोक गाडीत पाय ठेवण्याआधी विचारू लागले, "हाच का तो झोपणारा?" शेठने दादाला काढले नाही. त्याला पेठ लाइनीवरून हलवून नाशिकरोड स्टेशनच्या लाइनीवर टाकले. सपाट रस्ता, चार-पाच मैलांचा. रेल्वेची गाडी येईपर्यंत उभे राहायचे, माणसे भरायची, गावात सोडायची. वहिनीने देवाला साखर ठेवली. स्टँडवरचे ड्रायव्हर मात्र दादाशी जरा सांभाळून बोलू लागले, आजारी माणसाशी बोलतात तसे. घाट चालवणारा आणि टेशन चालवणारा यांत त्या लोकांत केवढे अंतर असते, हे मला तेव्हा कळले.

मी चूक केली असे मला आजही वाटत नाही. घाटात पुढे काय झाले असते ते मला माहीत आहे. पण त्याच्याकडे एकच गोष्ट मानाची होती, ती मी चार परक्या लोकांपुढे काढून ठेवली, हेही खरे आहे. दोन्ही खरे असले की माणूस दमतो.

पेट्रोल त्यानंतरही थोडे उतरले. मी वर्तमानपत्र उघडले की ड्रायव्हर म्हणत, "बी.ए., भावाचं पान सोडून वाच." भाव उतरला की पुढे काय येते, हे त्यांना आता माहीत झाले होते. एकाने तर विचारले, "हे महाग व्हायचं काही लिहिलंय का कुठं?"

स्टेशनच्या लाइनीवरही पहिले काही दिवस मी दादाशेजारी बसलो. सवयच झाली होती. एकदा गाडी गावाकडे वळली तेव्हा मी विचारले, "राजा काढू का पुढचा?"

त्याने मान हलवली. "नको. उद्यापासून तू येऊ नको," तो म्हणाला. "इथं झोप यायला रस्ताच कुठं हाय?"

मग त्याने भोंगा वाजवला. समोर कोणीच नव्हते.