शेण तिचं, शेगडी माझी

कडावला आमच्या घरी गोबरगॅस आला तेव्हा गावातल्या बायका बघायला आल्या. शेणाच्या गॅसवर केलेला चहा काहींनी तोंडालाही लावला नाही. अर्धा खर्च सरकार देत होतं, पण पुरेशी गुरं असतील त्यालाच. आमची कमी पडत होती. आमच्या मालकांनी शेजारणीच्या दोन म्हशी आमच्यात धरून सांगितल्या. तपासायला आलेल्या साहेबाने दोन्ही गोठ्यांत डोकावून मान डोलावली.

शेजारणीचा नवरा खोपोलीला कारखान्यात होता. शेती ती एकटीच बघायची. मी तिला म्हटलं, "तुझं शेण आमच्या खड्ड्यात टाक. नळी तुझ्या घरात देते."

"आन् गॅस सरला मंग गं वयनी?"

"सरतोय कशाला? म्हशी हागायच्या थांबतात काय?"

ती इतकी हसली की डोक्यावरची पाटी खाली ठेवावी लागली.

नळी दिली. पण थंडीत गॅस कमी व्हायचा. तिची शेगडी पेटली की माझी मंदावायची. तिच्या नळीचा कॉक आमच्या पडवीत होता. माझ्या भाकऱ्या होईपर्यंत मी तो बंद ठेवायची. तिला कळायचं. ती निमूट चूल पेटवायची आणि सकाळी पुन्हा शेण ओतून जायची.

गॅस झाल्यावर खड्ड्यातून जी मळी बाहेर पडे ती उताराने आमच्याच शेतात जायची. खत चांगलं. मालक खूश होते.

मग राब भाजायचे दिवस आले. भाताचं रोप जिथे करायचं ती जागा आमच्याकडे आधी शेण, पाला, पेंढा पसरून जाळतात. नाहीतर रोप किरटं येतं. आमच्या जागेवर मळी पडली होती, आमचं भागलं. तिचं वर्षाचं शेण माझ्या खड्ड्यात गेलं होतं. ती दारात आली.

"वयनी, थोडी मळी देतेस का? राबाला कायच नाय गं."

मालक आतून म्हणाले, "शेणाच्या बदली गॅस दिलाय ना तिला?"

तिने माझ्याकडे बघितलं. गॅस किती दिला ते आम्हा दोघींनाच ठाऊक होतं. मी परात पुढे ओढली आणि पीठ मळायला लागले.

तिने नुसता पाला जाळला. पावसात तिचं रोप पिवळं आणि विरळ आलं. आमची लावणी उरकल्यावर उरलेलं रोप मी तिच्या बांधावर नेऊन ठेवलं. उशीर झाला होता. तिने ते लावलं. मला वाईटसाईट बोलली असती तर बरं झालं असतं. भात फार थोडं झालं आणि दिवाळीनंतर तिने एक म्हैस विकली.

उरलेल्या म्हशीचं शेण ती आपल्या परड्यात वाळवू लागली. उन्हाळ्यात तिने राब भाजला तेव्हा धूर सरळ माझ्या स्वयंपाकघरात आला. मालक म्हणाले, "खिडकी लाव." मी लावली नाही. तिच्या नळीचा कॉक मी तेव्हा पूर्ण उघडा ठेवला होता. पलीकडे शेगडी कोणी पेटवत नव्हतं.