डब्यावरचं नाव

वडील गेल्यावर त्यांचं नाव कोरलेला स्टीलचा डबा मी घरी आणला. परवा तारेच्या घासणीनं तो खसाखसा घासला आणि ओलाच ठेवला. सकाळी अक्षरांत तांबूस डाग!  तशीच डबा घेऊन भांडीवाल्या काकांच्या दुकानात गेले.

त्यांनी लिंबाची फोड चोळून डबा धुतला, कोरडा पुसला. डाग गेले.

"गंज घासणीच्या लोखंडाचा होता, ताई. स्टीलवर डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा असतो. ओरखडा पडला तरी हवा लागली की तो पुन्हा धरतो."

"नाव कोरलंय तिथंही?"

"तिथंही. कुणाचं नाव हे?"

वडील गेल्यापासून मी त्यांच्याबद्दल कुणाशी बोललेच नव्हते. दुकानाच्या पायरीवर बसून खूप वेळ बोलले. किती दिवसांनी मोकळं वाटलं.